भिंगरीबाईंची चप्पल

भिंगरीबाई हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या बाई खुर्चीवर टेकलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. फळा ते खिडकी, खिडकी ते दार, दारापासून पुन्हा फळ्यापर्यंत, असा तास संपेपर्यंत फेरा चालायचा. घरीही तीच तऱ्हा. नवरा म्हणायचा, हिच्याबरोबर चहा प्यायचा तर कप घेऊन मागे मागे फिरावं लागतं.

यंदा बाईंच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. व्याख्यान बंद. मुलांपुढे एक खराखुरा, गुंतागुंतीचा प्रश्न टाकायचा आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं. मुलांनी गटागटाने भांडावं, चुकावं, शोधावं, आपलं उत्तर आपणच तपासावं. तयार प्रोग्रॅम घोकून परीक्षेत ओकणाऱ्या पोरांना पाहून पाहून त्यांचा जीव विटला होता. उत्तर न देण्याची सवय मग इतकी अंगात भिनली की, भाजीत मीठ किती घालू असं सासूबाईंनी विचारलं तरी बाई म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? मला वाटतं तू जरा गप्प बसावंस, असं सासूबाईंनी सांगून टाकलं.

विभागप्रमुखांना ही सगळी थेरं वाटायची. शिक्षकाने शिकवायचं नाही तर करायचं काय, असं ते चारचौघांत बोलून दाखवत. त्यातच दवाखान्याचा प्रश्न आला. गर्दीच्या दवाखान्यात पेशंट ताटकळतात, तर आत कोणाला कधी बोलवायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहा, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. वर्गातल्या सगळ्या गटांनी एकच उत्तर आणलं: ज्याचं काम लवकर उरकेल, तो आधी आत.

"सगळ्यांचं उत्तर एकच कसं?" विभागप्रमुखांनी विचारलं. "मॅडम, हे विचार करतात की एकमेकांचं उतरवतात? शुक्रवारी मी वर्गात बसतो. काही दिसलं नाही, तर पुढच्या सत्रापासून पूर्वीसारखं शिकवायचं. माझ्या नोट्सवरून."

त्या उत्तरात एक भलं मोठं भोक होतं आणि ते एकाही गटाला दिसू नये, याचं बाईंना नवल वाटत होतं. वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती, तिला खोटं बोलता यायचं नाही. बाईंनी तिलाच गाठलं.

"कॉपी नाही केली, मॅडम," ती म्हणाली. "आमचं चुकत असलं की तुमच्या फेऱ्या वाढतात. बरोबर आलं की तुम्ही थांबता. हे उत्तर आमच्या गटाने मोठ्याने वाचलं आणि तुम्ही खिडकीपाशी थांबलात. मग सगळ्यांनी तेच लिहिलं."

बाईंना आठवलं. खिडकीपाशी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

त्यांना आधी हसू आलं आणि मग रडावंसं वाटलं. तोंड बंद ठेवलं, पण पाय चहाडी करत होते. मुलं इतके महिने प्रश्नाचा नव्हे, बाईंच्या पायांचा अभ्यास करत होती. म्हणजे विभागप्रमुखांचंच खरं की काय, ही शंका त्यांना काही केल्या सोडेना. एका जागी बसायचा सराव करावा म्हणून त्या घरी खुर्चीत बसल्या, तर गुडघा असा हलू लागला की सासूबाईंनी टेबलावरचा पेला उचलून घेतला.

शुक्रवारी विभागप्रमुख शेवटच्या बाकावर येऊन बसले. बाईंनी नवी चप्पल घातली होती. माझे पाय पाहून लिहिलेलं उत्तर बरोबर की चूक हे मी सांगणार नाही, तुमचं तुम्हीच ठरवा, असं म्हणून त्या वर्गाबाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

आत चिडीचूप. बाई जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मुलं नुसती सरांच्या तोंडाकडे बघत बसली असणार, असं त्यांना वाटलं. कडीला हात लावून त्यांनी तो मागे घेतला. मॅडम, तुम्हाला कोणी वर्गाबाहेर काढलं, असं शिपायाने जाता जाता विचारलं.

मग आत बाक सरकल्याचा आवाज झाला.

"अरे, थांबायच्या वेळेची सरासरी कमी आलीय ना," एक मुलगा म्हणत होता.

"सरासरी घेऊन काय करू? प्रोग्रॅम पूर्ण दिवस चालवून बघितलास का?" हा चष्मेवालीचा आवाज. "यादीतल्या या आजी बघ, सकाळी सगळ्यांच्या आधी आल्या. यांच्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून जो येतो तो यांच्या पुढे जातो. दवाखाना बंद झाला तरी या बाकावरच."

एकदम कालवा उठला. सगळे एकदम बोलू लागले. त्या गलक्यात विभागप्रमुखांचाही आवाज आला, की मग जो जास्त थांबलाय त्याला थोडं पुढे सरकवा. त्यावर चष्मेवाली म्हणाली, "सर, तुम्ही सांगू नका ना."

थोड्या वेळाने दार उघडलं. विभागप्रमुख ओशाळं हसत बाहेर आले. त्यांच्यामागून चष्मेवालीने डोकं काढलं.

"मॅडम, तुम्हीही जरा बाहेरच थांबता का? आमचं अजून ठरायचंय."

दार लागलं. विभागप्रमुख जिन्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आत काय चाललंय याचा कानोसा घेत ते म्हणाले, "पुढच्या सत्रात कुठला प्रश्न देणार आहात?"

भिंगरीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बराच वेळ आपण हललोच नाही, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी खाली पाहिलं. चप्पल तर शाबूत होती.