अकरा मिनिटांच्या सिनेमासाठी सांगलीला

सांगलीचं प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही गणपती मंदिराची, कृष्णेच्या घाटाची वाट बघत असाल. बघत बसा. मी सांगलीला जाऊन दिवसभर पडदे ओढलेल्या हॉलमध्ये बसलो होतो. नदी पाहिली ती एसटीच्या खिडकीतून, तीही पुढच्या माणसाच्या डोक्यामुळे अर्धीच.

निमित्त होतं लघुपटांचं. कुठल्या कंपनीचे नाहीत, ज्यानं त्यानं आपल्या हौसेनं काढलेले. त्यात एक माझ्या लहानपणच्या मित्राचा, सुन्याचा, अकरा मिनिटांचा. शूटिंगला चार दिवस बांबूला माईक बांधून मी उभा होतो, म्हणजे सिनेमात माझाही हात आहे. हात नाही, खांदा.

वाईहून सकाळी निघालो, साताऱ्याला गाडी बदलली. कराडला सुन्या आणि त्याचे वडील चढले. त्यांचं घर कराडला लागूनच, मलकापुरात. वडिलांना सगळे आप्पाच म्हणतात. फौजेतनं हवालदार होऊन आलेले, एसटीतही पाठ टेकत नाहीत. मला नकला करायची खाज. कंडक्टरच्या आवाजात मागनं ओरडलो, "पेठ नाकावाले पुढं या." दोन बायका पिशव्या घेऊन उठल्यासुद्धा.

"खाली बस," आप्पा म्हणाले. "देवानं आवाज दिला, अक्कल द्यायच्या टायमाला तू रांगेत न्हवतास."

आता सिनेमाची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुन्याचा मोठा भाऊ महेश. आप्पांनी त्याला लहानपणापासून फौजेसाठी पळवला. भरतीच्या मैदानावर तो पहिला पळत होता आणि मध्येच थांबला. तिथनं निघाला तो सांगलीशेजारी कुपवाडला जाऊन कारखान्यात लेथ मशीनवर लागला. आप्पा म्हणाले, माझ्या दारात पाय ठेवू नको. तीन वर्षं झाली, बापलेक बोलत नाहीत. सुन्यानं ह्याच्यावरच सिनेमा काढला. भावाचं काम स्वतः केलं, आईचं आईनं आणि बापाचं आप्पांनी. शेवटी पोरगा दारात येतो आणि बाप म्हणतो, "ये आत. माझं चुकलं." शूटिंगला हा संवादाचा कागद वाचून आप्पांनी त्याची घडी घातली.

"हे मी बोलनार न्हाई. जे घरात बोललो न्हाई, ते पडद्यावर बी न्हाई."

मग नुसतं "ये आत" म्हणाले, तेही कॅमेऱ्याकडं पाठ करून.

सांगलीत हॉल बऱ्यापैकी भरला होता. माझ्या शेजारी हळदीच्या वखारीतले एक काका. पहिला लघुपट कुंभाराचा. नऊ मिनिटं नुसतं चाक फिरतंय.

"आवं, हे कवा सुरू हुनार?"

"काका, संपत आलंय."

दुसऱ्यात मोबाईलला रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढणारी पोरगी होती. काकांचे पाय खुर्चीतच आखडले. तिसरा एका निवृत्त नर्सबाईंचा. त्या बौद्ध वस्तीत पोरांसाठी अभ्यासिका चालवतात. भाच्यानं काढलाय, आणि बाई सारख्या कॅमेऱ्याकडं बघून "जेवलास का रं?" विचारतात. ते त्यानं कापलं नाही, शहाणा आहे. चौथा लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा. सगळ्या तालुक्याची लग्नं शूट करतो, त्याचंच ठरत नाही. मला तर वाटलं, ह्या छोट्या सिनेमात कुणी कुणाला मारत नाही, पळवून नेत नाही. सगळे कुणाची तरी वाट बघत असतात. आमच्यासारखंच.

मधल्या सुट्टीत भडंग (लसूण-तिखट लावलेले चुरमुरे) खाताना सुन्यानं मला बाजूला ओढलं.

"दादा आलाय. मीच बोलावलंय. शेवटच्या रांगेत बसलाय. आप्पाला सांगू नगंस. सिनेमा बघून दोघं बोलले तर बोलले, न्हाईतर परत कवाच न्हाई."

सुन्याचा सिनेमा लागला. पडद्यावर आईचे ओठ हलले, आवाज नाही. मागची बासरी तेवढी वाजतेय. घाईत फाईल तयार करताना सुन्याकडून संवादांचा आवाजच बंद राहिला होता. लोक कुजबुजायला लागले. सुन्या खुर्चीतच वितळला.

मी उठलो, पुढं जाऊन निवेदकाचा माईक घेतला. म्हटलं, "आवाज गेलाय. पहिल्यापासून लावा. जसं बोलले तसं मी बोलतो."

संवाद पाठ होते. आईचा आवाज काढला, टाळ्या पडल्या. सुन्याचा काढला. आप्पांचा तर काय, लहानपणापासून शिव्या खाऊन तयार झालेला. लोक हसत होते, मग हसायचे थांबले आणि ऐकायला लागले. शेवट आला. पडद्यावर आप्पांची पाठ. तोंड दिसतच नाही. मला दोन्ही वाक्यं येत होती.

"ये आत," मी म्हणालो. आणि थांबायचं सोडून पुढचंही म्हणालो. "माझं चुकलं."

दिवे लागले. टाळ्या चालल्या होत्या, पण माझं लक्ष पहिल्या रांगेत. आप्पा माझ्याकडं बघत होते, डोळा हलत नव्हता. बाहेर दारात आम्ही तिघं उभे आणि महेश समोर आला. कंपनीचा शर्ट, हातात हेल्मेट. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"आप्पा," तो म्हणाला. "ते शेवटचं. शूटिंगला खरंच म्हनला व्हता काय तुमी?"

सुन्यानं माझा दंड धरला. मी सांगायला तोंड उघडलं. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग महेशकडं.

"व्हय," ते म्हणाले.

महेशनं मान हलवली. डोळे पुसले नाहीत, हेल्मेट मात्र ह्या हातातनं त्या हातात गेलं. "खोलीवर या," म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

आप्पांनी मला आणि सुन्याला एसटीत बसवलं. आईला सांग, मी उद्या येतो, असं सुन्याला म्हणाले. मग खिडकीशी आले आणि माझी पाळी आली.

"बावीस वर्सं नोकरी केली. खोटी सही केली न्हाई, खोटा रिपोर्ट दिला न्हाई. आज तुझ्यापायी पोटच्या पोरासमोर खोटं बोललो. काय म्हनून बोललास रं तू? कुनी सांगितलं व्हतं?"

"चुकलं, आप्पा."

"चुकलं म्हनतोस, लय सोपं हाय तुला. आता ते खोटं खरं करायला मला त्याच्या खोलीवर जायला लागतंय. आनि ऐक, तिथं तू यायचं न्हाई. तिथं माझं मीच बोलनार."