बारशीची तुळस

पत्त्याखाली ‘मध्यप्रांत-वऱ्हाड’ लिहायचे, त्या काळात आम्ही चिखलीला राहत होतो. अंगणात वृंदावनात काळी तुळस होती आणि मागे परसात, न्हाणीचं पाणी जाई तिथे, आईनं सब्जा, मरवा, पुदिना असं काय काय लावलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं नाक भारी तिखट. डोळे झाकून पान हुंगायची आणि नाव सांगायची. मी मुद्दाम सब्जा चुरगळून त्याला तुळस म्हणायचो. ती हसायची, फसायची मात्र नाही.

एका पावसाळ्यात तिला ताप भरला तो उतरेचना. छातीत कफ दाटला. वैद्यबुवा म्हणाले, काळ्या तुळशीचा रस द्या, थोडा थोडा देत राहा. नेमकी द्वादशी होती, आमच्याकडची बारस. द्वादशीला तुळस तोडायची नाही, म्हणून एरवी आई आदल्या दिवशीच पानं काढून ठेवायची. पण एकादशीभर ती पोरीच्या उशाशी बसून होती. पानं काढायची राहून गेली.

“बारशीले मी तिले हात लावणार नाही,” आई म्हणाली. “देव कोपला तं पोरीवरच कोपंल.”

“मंग मी तोडतो,” बाबा म्हणाले.

आई वृंदावनासमोर आडवी उभी राहिली. ज्यांच्यापुढे घरात कोणी ब्र काढत नसे, ते बाबा मुकाट्यानं मागे फिरले. त्यांनाही भीतीच वाटली असणार. मग आईनं खाली पडलेली पानं वेचली. मूठसुद्धा भरली नाही. उरलेला रस तिनं सब्ज्याचा काढला. वास जवळचा, तर गुणही जवळचाच असंल, असं ती स्वतःशीच बोलत होती.

बहिणीनं वाटी नाकाशी नेली.

“हे तुळस नाही वं माय. सब्जा हाय.”

“पी माये,” आई म्हणाली. ती प्यायली.

दिवेलागणीच्या आत ती गेली. जाताना तोंडात तुळशीपत्र हवं, म्हणून शेजारच्या काकूंनी वृंदावनातली डहाळी मोडली. द्वादशी अजून सरली नव्हती. या वेळी आईनं कोणाला अडवलं नाही.

तुळशीच्या रसानं ती वाचली असती असं मला वाटत नाही. तो ताप असल्या रसाला भीक घालणारा नव्हता. आईला हे मी जन्मभर समजावत राहिलो. ती ऐकून घ्यायची आणि उठून कामाला लागायची. मला मात्र त्या बारशीचा अजून राग येतो, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नाही.

आई गेली ती साध्याच दिवशी. तुळस टवटवीत होती, तोडायला कसलीच आडकाठी नव्हती. मी पान तिच्या ओठांशी नेलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

“हे नको मले. पोरीले देल्ला तो सब्जा दे.”

मी कुठून देणार सब्जा? बहिणीचे दिवस व्हायच्या आतच आईनं तो मुळासकट उपटून टाकला होता, आणि पुन्हा कधी आमच्या परसात लावू दिला नव्हता.