अक्षर उजळल्यापासून बोट दाबेपर्यंत

लिफ्टकाकांची हयात बंद पडलेल्या लिफ्टांपुढे गेली. आत कुणी अडकलं असलं की दाराच्या फटीला तोंड लावून ते आधी ओरडत, ‘दोन मिनिटं!’ आणि मगच हत्यारांची पेटी उघडत. त्या दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा, पण आतला माणूस धीर धरायचा. काकू चिडवायच्या, ‘तुमची मिनिटं कुठल्या घड्याळातली हो?’

काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारं पोर दचकून उठावं. दुखण्यात तो आवाज आधी बोबडा झाला, मग गेलाच. पाय गेले, हात गेले. राहिलं उजव्या हाताचं मधलं बोट. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘हे बोट आहे तोवर त्या बोलतील.’

काकांनी त्या बोटाखाली लिफ्टचंच एक जुनं बटण बसवलं. पलंगासमोरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत. क-ची ओळ, च-ची ओळ. हवी ती ओळ आली की काकू बटण दाबत. मग त्या ओळीतली अक्षरं उजळत, पुन्हा दाबत. वाक्य झालं की पडदा ते मोठ्याने वाचून दाखवी. ‘अहो’ लिहिण्यात फार वेळ जातो, गाळत जा, असं काकांनी सुचवलं, तर काकूंनी पाच मिनिटं खर्चून लिहिलं, ‘अहो, गाळणार नाही.’

हा कारभार चाले कपाटातल्या सर्व्हरवर. चार डिस्कची पेटी, मुळात घरचे फोटो साठवायला आणलेली. काकांनी पुस्तकं वाचून, ठेचकाळत, तिच्यात लिनक्सची तीन व्हर्च्युअल मशीनं उभी केली होती. एकाच घरात तीन भाडेकरू, आणि प्रत्येकाला वाटतं अख्खं घर आपलंच. एक फोटो सांभाळी, दुसरं जिन्यातला कॅमेरा, तिसरं काकूंचं बोलणं.

दोन महिन्यांपासून तिन्ही रेंगाळू लागली. काकू बटण दाबायच्या आणि पडदा विचारात पडल्यासारखा थांबायचा. कधी भलतंच अक्षर उमटायचं. पाणी मागायला जावं तर ‘फाणी’. ‘अहो, मशीन झोपतंय,’ काकूंनी लिहिलं. काकांनी घाईघाईने मान डोलावली. मशीनच असणार. मशीनच असायला हवं होतं.

त्यांनी केबल बदलली, डिस्क तपासल्या, कुरकुरणारी एक काढून नवी घातली. काही फरक नाही. काकूंच्या मशीनला मेमरी वाढवली. तरी नाही, म्हणून आणखी वाढवली. मशीन अधिकच ढिम्म.

रविवारी दुपारी लेक आली. कपाटापुढे फतकल मारून बसलेल्या बापाला पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘अजून मेमरी देताय? पेटीत आहे किती?’

‘सोळा जीबी.’

‘आणि तिघांना मिळून वाटलीत किती?’

काकांनी बोटांवर मोजलं. ‘अठरा.’

‘बाबा, दहा माणसांच्या लिफ्टमध्ये बारा शिरली तर काय करता?’

‘दोघांना उतरवतो.’

‘मग इथे उतरवायला कुणी दुसरा मेकॅनिक बोलवायचाय का?’

काका ओशाळले. सगळ्यांना पोटभर वाढता वाढता रांधणारीलाच घास उरू नये, तशी गत होती. स्वतःपुरतीही मेमरी न उरलेला सर्व्हर बिचारा प्रत्येक गोष्ट डिस्कवर नेऊन ठेवत होता नि परत आणत होता. काकांनी जिन्यातल्या कॅमेऱ्याचं मशीन बंद केलं, उरलेल्या दोघांचं निम्मं काढून घेतलं. पेटी एकदम मोकळी झाली. त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. दाबल्याबरोबर अक्षर! काकांचा जीव भांड्यात पडला.

‘आता लिही बघू,’ ते काकूंना म्हणाले.

काकूंनी लिहिलं. ‘अहो, फाणी.’

लेक पाणी आणायला आत गेली. काकांनी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला. त्यात दोन प्रकारच्या वेळा नोंदलेल्या असत. एक, अक्षर उजळल्यापासून बोट दाबेपर्यंत. दुसरी, बोट दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत. इतके दिवस ते दुसरीच तपासत होते. ती आता जवळजवळ शून्यावर आली होती. पहिली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. चार महिन्यांपूर्वी अर्धा सेकंद. मग पाऊण. या आठवड्यात कधीकधी सव्वा. आणि अक्षर उजळून राहायचं फक्त एक सेकंद. अशा वेळी काकू दाबेपर्यंत पुढचं अक्षर आलेलं असायचं.

काकांनी आकडे पुन्हा वरपासून वाचले. मग त्यांनी एका सेकंदाचे अडीच केले.

‘झालं,’ पलंगापाशी येऊन ते म्हणाले. ‘मशीनचंच खूळ होतं.’

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. ओळी उजळू लागल्या, आता अगदी संथ. बऱ्याच वेळाने पडदा बोलला, ‘अहो, बोट ना?’

काकांनी मान खाली घातली. ‘हो.’

पुन्हा ओळी. पेला आणि चमचा घेऊन आलेली लेक दारातच थबकली.

‘अहो, किती मिनिटं?’

ओठांवर आलेलं ‘दोन’ काकांनी गिळलं. खुर्ची ओढून ते बटणाशेजारी बसले.

‘माहीत नाही,’ ते म्हणाले. ‘पण मी दाराबाहेरच उभा आहे.’

क-ची ओळ उजळली. च-ची उजळली. तिघंही वाट बघत राहिली.