पायथ्याशी चार विटा

मी अंतराळात कधीच गेलेलो नाही, पण तिथे गेल्यावर माणसाचं जे काही वाटोळं होतं, ते माझं रोह्यात राहून झालं.

सुरुवात केली माझ्या मेहुण्याने. (आमच्या घरातली प्रत्येक भानगड तोच सुरू करतो, निस्तरतो मी.) प्रकाश पेणचा. तिथल्या एका कबड्डी संघाचा तो प्रशिक्षक, म्हणजे मैदानाबाहेर उभं राहून घसा फोडणारा. मी धाटावला कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीला कबड्डीच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. माझ्या शिट्टीला तालुक्यात मान आहे! तर कासू गावच्या सामन्यात प्रकाशच्या एका पोराने चढाई केली. पाय बोनस रेषेच्या पुढे पडायला हवा होता, तो पडला रेषेवर. मी गुण नाकारला. तर हा सख्खा मेहुणा भरल्या मैदानात ओरडतो, "दाजी, चष्मा लावा चष्मा! रेष दिसते काय तरी तुमाला?"

चष्मा! मला! अहो, पंचाने एकदा चष्मा लावला की आजवरचे सगळे निकाल आंधळेपणाने दिले, असं त्याने स्वतःच कबूल केल्यासारखं होतं. लांबचं मला जरा धूसर दिसायचं, नाही असं नाही. पण जराच! तरीही आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष नामदेवदादा लगेच म्हणाले, "डोलं तपासून घ्या. नायतर फायनलला दुसरा पंच बघू." माझ्या गावातली फायनल, आणि दुसरा पंच!

त्या रात्री मी रागाने भात चिवडत बसलो होतो. माझी मुलगी श्रुती कॉलेजात सायन्स शिकते. ती माझी समजूत घालायला म्हणाली, "बाबा, डोळ्यांचं काय घेऊन बसलात? अंतराळवीरांचेसुद्धा बिघडतात. तिथे वजन नसतं ना, मग अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं. डोळा मागून चपटा होतो. लांबचं दिसतं, पण जवळचं..."

"लांबचं दिसतं?" माझा घास हातातच राहिला.

"हो, पण..."

"आणि त्यासाठी वर जावंच लागतं?"

"नाही. इथे अभ्यासासाठी माणसांना डोकं खाली, पाय वर असं दिवसचे दिवस झोपवतात. पण बाबा..."

तिचा 'पण' ऐकायला मी थांबलो नाही. हात धुतले, अंगणातल्या चार विटा उचलल्या आणि पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन सरकवल्या.

माझी बायको सुनंदा दारात येऊन उभी राहिली. "अवो, ह्यो पलंग बुडाला काय एका बाजूनं?"

"डोळ्यांसाठी आहे ते."

"डोलं हायत डोक्यात, आन् इटा पायात?"

विज्ञान समजावत बसायची ही वेळ नव्हती. मी आडवा झालो. आडवा म्हणजे तिरपा! उशी आधी घसरली, पाठोपाठ मी घसरलो आणि टाळू भिंतीला जाऊन टेकली. सुनंदाही घसरत माझ्यामागून आली. तिने अंतराळाला चार शिव्या दिल्या आणि खाली चटई टाकली. मी मात्र तसाच राहिलो. मग कामावरून आलो की दुपारीही तिरपा, रात्रीही तिरपा. देशासाठी माणसं काय काय करतात, मी निदान शिट्टीसाठी तरी करायलाच हवं होतं.

तीन दिवसांत गुण दिसला. नाक चोंदलं. तोंड टम्म फुगलं. डोळे लालबुंद झाले आणि डोकं इतकं जड, की मान ते उचलायला तयार होईना. लांबचं जितकं धूसर होतं तितकंच होतं. सुनंदाला वाटलं अशक्तपणा आला, म्हणून तिने द्राक्षासवाची बाटली आणली. दोन चमचे घ्या म्हणाली. गोड लागलं म्हणून मी अंदाजाने घेत गेलो.

नेमका तेव्हाच, भर दुपारी, प्रकाश बहिणीसाठी पेणचे पोह्याचे पापड घेऊन हजर! त्याचा आवाज ऐकून मी झटकन उठलो. खाली डोकं असलेल्या माणसाने झटकन उठू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घर गरकन फिरलं. मी भिंत धरायला गेलो आणि हाताला लागली प्रकाशची मान. पापडांचा चुरा झाला. आमची नाकं जवळजवळ आली आणि त्याने वास घेतला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "भर दुपारी?"

"अरे, मी अंतराळवीरांसारखा झोपलो होतो!"

"व्हय व्हय. आमच्या आळीतला बाळूपन रोज सांजच्याला अंतराळात जातो."

मला सांगा, संताप येईल की नाही? हळदीच्या रात्री अख्खा मांडव डोलत असतो तेव्हा लिंबू सरबत पीत बसणारा एकटा मी! आणि त्याच संध्याकाळी रोहाभर झालं की पंच प्यायला लागलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवदादा दारात उभे.

"जरा हा करा बघू."

मागच्या हळदीत ज्यांना दोघांनी उचलून घरी पोचवलं, ते माझा वास घेणार! मी बाणेदारपणे तोंड उघडून 'हा' केला. (सकाळचं आसव नुकतंच पोटात गेलं होतं, हे बाणेदारपणाच्या भरात विसरलो.)

दादा दोन पावलं मागे सरले. "फायनलला येऊ नका," एवढंच बोलले आणि वळले.

तेवढ्यात सुनंदा बाटली घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "ओ दादा! ह्ये घ्या, वास घ्या ह्याचा! मीच देते त्यांना. माझा नवरा पीत नाय! तो निस्ता येडा हाय!" तिने त्यांना आत नेऊन पलंग दाखवला. दादांनी वाकून विटा पाहिल्या, मग मला पाहिलं. प्यायलेला परवडला असता, असा चेहरा केला. शेवटी म्हणाले, "पेणला डोल्यांच्या डॉक्टरकडं जाऊन या. मंग बघू."

घेऊन गेला कोण? प्रकाश! त्याच्या बाइकवर मागे बसून, त्याचे उपकार सोसत गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझी हकीकत ऐकली, खुर्ची मागे सारली आणि म्हणाल्या, "काका, डोकं खाली ठेवलं की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू असता तर डोळा गमावून बसला असता! अंतराळवीरांना तो आजार होतो, आजार! महिनोन्‌महिने वर राहिल्यावर होतो. तो होऊ नये म्हणून मोठमोठी माणसं डोकं खाजवताहेत, आणि तुम्ही मुद्दाम करून घेताय?"

डोळा गमावून, हे ऐकल्यावर मात्र मी एकेक डोळा झाकून दोन्ही चालू आहेत ना ते पाहिलं. शिट्टी राहिली बाजूला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. विटा काढा आणि चष्मा लावा."

मागे उभा असलेला प्रकाश फक्त खोकला. तो खोकला मी जन्मात विसरणार नाही.

फायनलला मी चष्मा लावून उभा राहिलो. पेणच्या पोराचा पाय रेषेच्या चांगला बोटभर पुढे पडला, मी ताबडतोब बोनस दिला, आणि प्रकाशला ओरडायला काही उरलं नाही. रेष स्पष्ट, पाय स्पष्ट, पलीकडचे प्रेक्षकही स्पष्ट. पहिल्या रांगेत सुनंदा दोन्ही हात वर-खाली करत होती. ती प्रत्येक सामन्यात तसंच करते. नवऱ्याला शाबासकी देते, असं समजून मीही आजवर दर वेळी छाती पुढे काढून मान डोलवत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. ती मला पॅन्ट वर ओढायची खूण करत होती, आणि तिच्या मागच्या दोन रांगाही तीच खूण करत होत्या.