अर्ध्याचं अर्धं

शाळेत माझ्या बहिणीला सगळे टिंबबाई म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. तिच्या हाताखालून गेलेलं पोर दशांशचिन्ह सहसा चुकवत नाही. मी त्याच शाळेत शिवण शिकवते. माझी जीभ तिखट, तिची गोड, म्हणून पोरं तिची.

भावजी गेले आणि ताईचा दगड झाला. मी तिच्याकडेच राहायला गेले. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. "मला काही वाटतच नाही गं," एवढंच बोलायची. मला तर तिचा रागच यायचा. रड की बाई एकदाची! तर तेही नाही.

शाळेत परत जायला लागली तरी तेच. शिकवता शिकवता थांबायची आणि खिडकीकडे बघत राहायची. शेवटी मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "उद्या मी तुमच्या वर्गात मागे बसते. झेपत नसेल तर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही वाचनालय सांभाळा." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण घर आधीच खायला उठत होतं, त्यात वर्गही गेला असता तर ताईनं जायचं कुठे? माझा तास मोकळा होता. मीही मागे जाऊन बसले.

ताईनं फळ्यावर लिहिलं, ०.५ × ०.५ = २.५. पाच पंचे पंचवीस बरोबर, पण बेरजेत देतात तसं तिनं टिंबाखाली टिंब दिलं होतं. याच चुकीसाठी तिनं आजवर किती कान पिळले असतील! मोठ्या बाईंनी पेनचं टोपण काढलं.

पहिल्या बाकावरची चिमणी उभी राहिली. ही पोरगी गप्प बसेल तर शपथ. "बाई, अर्ध्याचं अर्धं अडीच कसं होईल?"

ताई फळ्याकडे बघत राहिली. मग तिनं पर्समधून रुमाल काढला. दरवर्षी ती हे रुमालावरच दाखवते. या वेळचा मात्र मोठा, चौकड्यांचा होता. भावजींचा. तिनं आडवी घडी घातली. "हा अर्धा." मग उभी घातली. "आणि अर्ध्याचा अर्धा?"

"पाव," वर्ग म्हणाला.

"दशांशाला दशांशानं गुणलं की शतांश येतात. म्हणून टिंबानंतर दोन घरं." तिनं पुसून ०.२५ लिहिलं. रुमाल हातातच होता. "मग बाकीचा कुठे गेला?" तिनं विचारलं. हे काही धड्यात नव्हतं.

"कुठे जाईल, बाई? घडीत आहे की," चिमणी म्हणाली.

मोठ्या बाई उठल्या. जाताना म्हणाल्या, "वर्ग तुमच्याकडेच राहू दे." ताई "बरं" म्हणाली, चहा झालाय म्हटल्यावर म्हणते तसंच.

घरी आल्यावर मी तो रुमाल भिजत घालायला उचलला. तिनं माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत घरात तिनं आपणहून केलेली ही पहिली गोष्ट.

"धुवू नकोस," ताई म्हणाली. "घडी मोडेल."

रडली नाहीच ती. रडले ती मी.