दहापैकी चार

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला मजा येईल. आमच्या गल्लीत एकदा एका बाईच्या अंगात आलं होतं. सगळे हात जोडून उभे, आणि मी तिला उद्या लाईट किती वाजता जाणार ते विचारलं. असा माणूस आहे मी. भूत, करणी, नजर — कधी काही मानलं नाही. आजही मानतो असं नाही... फक्त पूर्वीइतक्या मोठ्याने बोलत नाही.

नोकरी धुळ्याला, एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत. खिडकीजवळची तीन कपाटं माझी — भूल, शस्त्रक्रिया, वेदना आणि शेवटच्या आजारातली शुश्रूषा या विषयांची जर्नल्स. अंक आला की शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वर्ष संपलं की बांधायला द्यायचे. इंग्रजी माझं जेमतेम, पण केस रिपोर्ट मी चवीने वाचतो. एक पेशंट असतो, त्याला काहीतरी विचित्र होतं आणि मोठमोठे डॉक्टर गोंधळतात. आणखी काय हवं?

माझी मोठी बहीण, अक्का, नशिराबादला दिलेली. अहिराणी मात्र तिने माहेरचीच ठेवली. तिचा कॅन्सर डाव्या खुब्याच्या हाडात उतरला होता आणि उपचार थांबले होते. आठवड्यातून एकदा नर्स घरी यायची, दुखणं किती ते विचारायची आणि त्याप्रमाणे गोळ्या द्यायची. माझं हर्नियाचं ऑपरेशन आमच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात ठरलं. आदल्या दिवशी मी अक्काला भेटायला गेलो, तेव्हा नर्स तिथेच बसली होती.

"अक्का, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?"

"चार."

"मागच्या वेळीही चारच होतं."

"मंग? रोज नवं कोठून आनू?"

मी हसलो. भाची रेखा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "घरातलं कुणी समोर असलं की चारच सांगते, मामा. आपण घाबरू म्हणून. मग गोळीही तेवढीच मिळते."

निघताना अक्काने नेहमीसारखे हात वर केले. आमच्याकडे बहीण भावाच्या तोंडावरून हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते. भावाची पीडा तिच्याकडे. पण त्या दिवशी तिचे हात माझ्या खांद्यापर्यंतच पोचले. मला ते बघवलं नाही, आणि मला काही बघवलं नाही की मी नाटक करतो. तिचे हात मी खाली ठेवले, तिच्याच तोंडावरून माझे हात फिरवले आणि माझ्या कानशिलावर दहाही बोटं कडाकडा मोडली.

अक्का भडकली. "उलटं काय करस रे, येड्या? बहीण लेस भाऊनी पीडा. भाऊ लेत नही."

"उद्या मला कंबरेखाली काही कळणारच नाहीये, अक्का. काय पाठवायचं ते पाठवून दे. माल उतरवायला जागाच जागा."

राग तसाच ठेवून ती हसली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भुलीच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या पाठीत सुई दिली. थोड्या वेळाने पाय परके झाले. कुणीतरी माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेल्यासारखे. ऑपरेशन तासाभरात आटोपलं. दुपारी बायको फोन घेऊन आली.

"रेखा सांगत होती, अक्का अकरानंतर आपणहून उठून बसल्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून खाल्ला. म्हणतात, बठ्ठं गयं, काहीच दुखत नही."

"नर्सची गोळी लागू पडली."

"गोळी जुनीच आहे. तेवढीच."

माझे पाय तीन वाजेपर्यंत जागे व्हायला हवे होते. पाच वाजले, तरी नाही. एमआरआय झाला, त्यात काही सापडलं नाही. मॅडम बर्फ लावून विचारत राहिल्या आणि मी नाही नाही म्हणत राहिलो. खरं तर मला भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. बधिरपणा कंबर ओलांडून वर आला होता बहुतेक.

सकाळी मॅडमनी असे जुने केस रिपोर्ट शोधायला लायब्ररीत फोन लावला. तिथे कुणाला काही सापडेना. मी पलंगावरूनच सांगितलं, "दुसरं कपाट, तिसरा कप्पा, हिरव्या बांधणीचे खंड." मॅडमनी तेच फोनवर सांगितलं. तेवढ्यात रेखाचा पुन्हा निरोप — अक्काने वेणी घालून घेतली, ओट्यावर बसलीय, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतेय.

चार वाजता माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या. मॅडमचा चेहरा उजळला. पाय हलले. आणि मग डाव्या खुब्यात ते सुरू झालं.

जिथे सुरी लागलीच नव्हती, तिथे. वर्णन करण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण इथे मला काही सुचत नाही. दात एकमेकांवर बसले ते सुटेनात.

"खुब्यात? ऑपरेशन तर जांघेत झालंय," मॅडम म्हणाल्या. "दहापैकी किती?"

पायाशी बायको उभी होती. दोन दिवसांत धड जेवली नव्हती. माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"चार," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी ते थांबलं. हळूहळू कमी झालं नाही, थांबलं. मग फोन वाजला.

"मामा, आई आत्ताच गेली," रेखा म्हणाली. "ओट्यावर, बसल्या बसल्या. दुखलं नाही हो तिला. काल अकरापासून एकदाही नाही."

मी 'बरं' म्हणालो.

पुढे मॅडमनी माझ्यावर केस रिपोर्ट लिहिला. माझी सही घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना अक्काचं सगळं सांगितलं, बोटं मोडली तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे मी कुठे लिहू, सांगा?" मी सही करून दिली.

तो अंक लायब्ररीत आला. शिक्का मीच मारला. एक मध्यमवयीन पुरुष, नाव नाही. पाय एका दिवसाहून जास्त काळ बधिर, कारण सापडलं नाही. पूर्ववत होताना डाव्या खुब्यात काही मिनिटं वेदना, तीव्रता दहापैकी चार.

कारण मलाही सापडलेलं नाही. पण त्या पानावरचा शेवटचा आकडा खोटा आहे, आणि तो सांगायला मी कुणाकडून शिकलो ते मला माहीत आहे.