गाजलेल्या गाण्यांतली ‘शी’

एखाद्याला दम्याची धाप लागावी तशी मावशीला उठता-बसता किळस यायची. मावशी म्हणजे एका गल्लीतल्या इमारतींचे जिने धुणारी बाई. असल्या नाजूक नाकाच्या बाईने हा धंदा कशाला निवडला, असं लोक विचारत. ती म्हणायची, “ज्याला घाण दिसतच नाही, त्याच्या हातात फडकं देऊन काय उपयोग?”

तिला सगळं दिसायचं. कठड्याच्या खालच्या बाजूला चिकटवलेलं च्युइंगम, कुंडीच्या मातीत खुपसलेली थोटकं, नळाच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब रुमालाशिवाय दाराच्या मुठीला हात लावत नसत, पण त्यांचं पायपुसणं उलटं केलं की मावशी नाकाला पदर लावायची. माणूस ओळखायचा तर त्याचं पायपुसणं उलटून बघावं, असं तिचं ठाम मत होतं. या मतामुळे गल्लीतल्या फारशा माणसांबद्दल तिला आदर उरला नव्हता.

या बाईचा आवाज एके काळी घराघरांत वाजत होता. तो कसा वाजला, त्याची ही गोष्ट.

कोपऱ्यावरच्या इमारतीच्या तळघरात चार पोरं गाणी बसवायची. रॅप का काय म्हणतात ते. गाणं कमी आणि बडबड जास्त, असं मावशीला वाटायचं. चौघांनी आपल्या टोळीचं नावही ‘तळघर’च ठेवलं होतं. एक म्होरक्या, बोलबच्चन. दोघं त्याच्या मागे-पुढे करणारे. आणि चौथ्याला सगळे मुक्या म्हणत, कारण माईक तोंडाशी नसला तर तो कुणाशी बोलायचाच नाही.

तळघर धुवायचं काम मावशीकडे नव्हतं. पण खालून येणारा वास जिन्यापर्यंत चढायला लागला, तेव्हा तिने एक दिवस खाली जाऊन दार ढकललं. आत पावाचे वाळके तुकडे, बाटल्यांच्या झाकणांत विझवलेली थोटकं, ताठ झालेले मोजे. एका कपातल्या उरलेल्या चहावर मांजराच्या अंगासारखी लव आलेली. आणि त्या कपाशेजारीच मांडी घालून म्होरक्या खात बसलेला.

“शी! शी! शी!” मावशी किंचाळली. “अरे, माणसं आहात की उकिरडा!”

नेमकी तेव्हा आवाज टिपणारी टेप चालू होती.

तिघं पोट धरून हसले. मुक्या नुसता नाकातून फुसफुसला. त्याचं हसणं तसंच होतं, बिनआवाजी. मावशी तणतणत वर आली आणि बादली भरायला लागली, तर मागे मुक्या उभा.

“मावशी, फडकं देता का?”

तळघर त्याने एकट्याने पुसलं. पुसताना एक कोपरा सोडला, तो मावशीने दाखवला, तोही पुसला. त्यानंतर तो आठवड्याला एकदा तरी फडकं मागायला यायचा. पुढे पुढे तिची भरलेली बादली वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायचा आणि तिच्याबरोबर जिन्यावर बसून चहा प्यायचा. चहा संपला की कप स्वतः विसळायचा. मावशीच्या लेखी माणसाची यापेक्षा मोठी परीक्षा नव्हती.

इकडे पोरांनी तिचं ते किंचाळणं तसंच्या तसं गाण्यात घातलं. मागे ढोलासारखा ठोका, मध्ये चौघांची बडबड, आणि फिरून फिरून मावशी: शी! शी! शी! माणसं आहात की उकिरडा! गाणं असं काही चाललं की विचारू नका. रिक्षात, न्हाव्याकडे, पोरांच्या वाढदिवसाला, जिकडेतिकडे मावशी. तिला विचारलं कुणीच नव्हतं. तिने ते पहिल्यांदा ऐकलं ते वकीलसाहेबांच्या बंद दारामागून, हातात झाडू घेऊन.

तिचा नवरा वेल्डर होता आणि थट्टेखोर होता. “घरात मला शी म्हणतेस ते फुकट,” तो म्हणायचा, “बाहेर त्यावर दुनिया नाचतेय!”

नवऱ्याची थट्टा तिने सोसली. सोसलं नाही ते लोकांचं. धुतलेल्या पायरीवर लोक मुद्दाम कागद टाकायचे आणि मोबाइल रोखून उभे राहायचे. म्हणा ना मावशी, म्हणा! एका चांगल्या घरच्या बाईने तर केळ्याची साल टाकली आणि आपल्या मुलीला पुढे ढकलून म्हणाली, “बघ हं, आता ती ओरडेल.” मावशीने ओठ आवळले, साल उचलली, फरशी पुसली. ती घाण सालीची नव्हतीच. पण बाईला तसं तोंडावर सांगायचं म्हणजे पुन्हा ओरडणं आलं, आणि ओरडलं की त्यांचं फावलं. तेव्हापासून जिन्यावर ती तोंड मिटून काम करायला लागली.

दिवस गेले. ‘तळघर’ फुटलं. तिघं मोठ्या घरांत राहायला गेले. मुक्या तिथेच मागच्या गल्लीत आईजवळ राहिला. आई शिवणकाम करायची. मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. दवाखान्यात मावशी त्याला भेटायला गेली, तेव्हा त्याच्या पलंगाखाली कुणीतरी कापूस टाकलेला होता. ती वाकून उचलायला लागली, तर तो नाकातून फुसफुसला. त्या श्वासात हसायचंही बळ नव्हतं, तरी हसला. त्याच आजारात तो गेला.

आणि मग बऱ्याच वर्षांनी एका सकाळी म्होरक्या आला. मावशी जिना पुसत होती. पांढरेशुभ्र बूट घालून तो ओल्या पायऱ्या चढून थेट तिच्यापर्यंत आला. मागे प्रत्येक पायरीवर ठसा.

“मावशी! ओळखलंत का?”

“ओळखलं,” ती ठशांकडे बघत म्हणाली. “बदलला नाहीस.”

त्याने ते कौतुक म्हणून घेतलं. ‘तळघर’च्या गाजलेल्या गाण्यांचा एकत्र अल्बम निघणार होता. पहिलंच गाणं मावशीचं. पण जुन्या टेपा जुन्या कंपनीने अडवल्या होत्या, म्हणून गाणी नव्याने बसवायची होती. “तुमची शी हवी, मावशी. तुमच्याशिवाय त्या गाण्यात दम नाही.”

“आणि मुक्याचं काय करणार?”

“त्याचीही सोय केलीय,” तो म्हणाला. “या तर खरं. बघाल.”

मावशीला वाटलं, त्याचं जुनं काहीतरी सापडलं असेल. त्याचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून ती तयार झाली.

स्टुडिओत पाऊल बुडेल असा गालिचा होता. भिंतीवरची एक डबी थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुगंध फवारत होती. मावशीच्या मते सुगंध तिथेच मारतात जिथे काही झाकायचं असतं. माईकपुढच्या खुर्चीवर बसल्या बसल्या तिने सवयीने टेबलाच्या खालून बोट फिरवलं. च्युइंगम होतंच.

काचेपलीकडे आवाज टिपणारा माणूस बसला होता. त्याने खूण केली.

“शी शी शी. माणसं आहात की उकिरडा,” मावशी म्हणाली. दळण आणायला सांगावं तसं.

“छान! आता जरा किळस घालून.”

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा. आणखी एकदा. दर वेळी ते कोरडंच निघायचं. शेवटी म्होरक्याने तिला पलीकडच्या खोलीत नेलं. तिथे अल्बमच्या फोटोसाठी जुनं तळघर उभं केलं होतं. रबरी उंदीर, रंग मारलेले मोजे, आणि एका कपात हिरवट काहीतरी. मावशीने कप उचलून नाकाशी नेला. डिंक आणि कापूस.

“आली किळस?” म्होरक्याने आशेने विचारलं.

“कशाची यायची? ही तर धुतलेली घाण आहे.” कप खाली ठेवून ती म्हणाली, “खरी घाण केलीत तेव्हा निदान लबाडी तरी नव्हती.”

म्होरक्या हसला. तो कशालाही हसायचा. तिला परत माईकपुढे बसवून तो म्हणाला, “थोडा दम घ्या. तोवर अल्बममधलं नवं गाणं ऐका. मुक्याचं आहे.”

काचेपलीकडच्या माणसाने बटण दाबलं आणि खोलीत मुक्याचा आवाज भरला.

मावशीच्या अंगावर शहारा आला. अगदी त्याचाच आवाज. तसाच किंचित बसका, ओळीच्या शेवटी खाली उतरणारा. तिचे डोळे भरून आले, ती पदर शोधायला लागली. मग तिचं शब्दांकडे लक्ष गेलं. मुक्या बुटांबद्दल बोलत होता. चमचमत्या बुटांबद्दल, गाडीबद्दल, जग कसं पायाशी आलंय त्याबद्दल. अंगठ्याशी फाटलेली चप्पल घालून जिने चढणारा मुक्या. आणि गाण्याच्या शेवटी तो हसला. मोठ्याने, गडगडून, हा हा हा करून.

“हे कधी म्हटलं त्याने?” मावशीने विचारलं.

“त्याने नाही, मावशी. मशीनने. त्याची सगळी जुनी गाणी मशीनला ऐकवली, ते शिकलं. आता आपण लिहू ते त्याच्या आवाजात म्हणतं.” म्होरक्याचा चेहरा उजळला होता. “कळतं का तरी?”

“आणि ते हसणं?”

“ते मी सुचवलं. शेवटी जरा जिवंतपणा हवा ना.”

मेलेल्याच्या तोंडात हात घालून त्याचा जबडा कुणीतरी हलवतंय, असं तिला दिसलं. आयुष्यात तिने नको नको ते उपसलं होतं. तुंबलेली गटारं, बंद घरांतली सडलेली फडताळं. पण तिथे निदान नाकाला पदर लावता यायचा. इथे सुगंध दरवळत होता आणि काय झाकावं ते कळत नव्हतं.

“त्याला विचारलं होतंत?”

“मावशी, तो गेलाय ना.”

“म्हणूनच विचारते.”

“अहो, त्याच्या आईला आम्ही—”

“तिचं नाव काढू नकोस तुझ्या तोंडाने,” मावशी म्हणाली. आणि मग, माईकसाठी नाही, अगदी हळू, तळातून आल्यासारखं तिच्या तोंडून निघालं: “शी.”

“मिळालं!” काचेपलीकडचा माणूस ताडकन उभा राहिला. “हेच! हेच पाहिजे होतं!”

म्होरक्याने टाळी वाजवली. मावशी एकदा त्याच्याकडे, एकदा काचेकडे बघत राहिली.

“पुसा ते,” ती म्हणाली.

“मावशी, सोनं आहे हे सोनं!”

“ते तुमच्यासाठी नव्हतं म्हटलेलं. तुम्हाला म्हटलेलं होतं. पुसा. पुसल्याशिवाय मी इथून उठायची नाही.”

आणि ती खरंच उठली नाही. म्होरक्याने समजावलं, लाडीगोडी लावली, मग आवाज चढवला. तिने मांडीवर हात ठेवले आणि ती बसून राहिली. शेवटी त्याने चिडून खूण केली, त्या माणसाने काहीतरी दाबलं आणि पडद्यावरची रेघ नाहीशी झाली. खरोखर पुसलं की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता. ती जिना उतरून रस्त्यावर आली आणि पहिल्या नळावर तिने खळखळून चूळ भरली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. “त्याच्या आईला सांगायला पाहिजे,” तो म्हणाला. “बाहेरून कळलं तर धसका घेईल म्हातारी.”

सांगायला तर हवंच होतं. पण मावशीचे पाय निघेनात. तुमच्या मुलाच्या आवाजाची बाहुली केलीय, हे आईला कुठल्या शब्दांत सांगायचं? आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता अल्बम बाजारात आला. पहिलं गाणं तिने जिन्यावरच ऐकलं. ‘शी’ कुणा नटीने म्हटली होती, तोंडात खडीसाखर धरून म्हटल्यासारखी. त्याचं मावशीला सुखच वाटलं. पण त्यामागोमाग मुक्याचं ते गडगडाटी हसू जिन्यात घुमलं, तेव्हा तिने बादली तिथेच ठेवली आणि ती मागच्या गल्लीत गेली.

मुक्याची आई शिवणयंत्राशी बसली होती. डोळे अधू झालेले, तरी हात चालू. मावशीला बघून तिचा चेहरा फुलला.

“ये गं, ये! ऐकलंस का? माझ्या लेकाचं नवं गाणं आलंय!”

मावशी दारातच थबकली. “तुम्हाला... कुणी सांगितलं?”

“त्याचा मित्र येऊन गेला होता ना. कितीतरी आधी. विचारायला आला होता, करू का म्हणून. मीच हो म्हटलं.” म्हातारीने कापडातून सुई काढून उशीला टोचली. “मला ठाऊक आहे गं, मशीन आहे ते. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. पण जुनी गाणी ऐकून ऐकून पाठ झालीत. पुढची ओळ कुठली येणार ते आधीच कळतं. यात निदान तो नवीन काहीतरी बोलतो.”

तिने चाचपडत शेजारच्या मोबाइलवर बोट ठेवलं. खोलीत बूट, गाडी, पायाशी आलेलं जग. म्हातारी मान डोलवत ऐकत राहिली. शेवटचं हसू आलं तेव्हा तीही हसली.

“असा कधी हसलाच नाही बघ घरात,” ती म्हणाली. “छान हसतो, नाही?”

मावशीच्या घशाशी सगळं आलेलं होतं. मित्र, मशीन, गालिचा, सुगंधाची डबी, टेबलाखालचं च्युइंगम. तिने गिळलं.

“आवाज त्याचाच आहे,” ती म्हणाली.

“परत लावू?”

“लावा.”

मावशीचं मत काही बदललं नाही. म्होरक्याचं नाव निघालं की अजूनही ती खिडकीतून बाहेर थुंकते, आणि थुंकणाऱ्यांची तिला स्वतःला भयंकर चीड आहे. पण त्या दिवसापासून काम आटोपल्यावर ती मागच्या गल्लीत डोकावते. म्हातारीला दोरा ओवून देते, चिंध्या गोळा करते, चहा टाकते. जुनी गाणी लागली तर शेजारी बसून ऐकते. नवं लागलं की कप विसळायच्या निमित्ताने उठते आणि ते संपेपर्यंत नळ मोठा सोडून ठेवते.